मीटरवर पन्नास किलो जास्त

आधीच सांगून टाकतो, या सदरातले अनुभव मी दुपारी डबा खाताना वाचतो आणि बहुतेकांवर हसतो. चिंचेखाली उभी असलेली बाई, मागून हाक मारणारा माणूस... आपला काही विश्वास नाही या गोष्टींवर. वीस वर्षं झाली, मी क्रेन चालवतो. आमच्या धंद्यात जे मोजता येतं तेच खरं. वजन किती, बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, किती बाहेर काढलाय, खालची जमीन कशी आहे. म्हणून तर हे लिहायला इतके दिवस लावले. कारण माझ्यासोबत जे झालं ते अंधारात झालं नाही, सकाळी साडेदहाला कडक उन्हात झालं, आणि ते मला मीटरवर आकड्यात दिसलं. तीनदा.

मी गोंदियाकडच्या तिरोड्याचा. नाव दिलीप, आडनाव पटले. क्रेन माझी नाही, मालकाची आहे, पण गेली नऊ वर्षं तिच्यावर मीच आहे, म्हणून माझीच म्हणतो. केबिनमध्ये समोर एक छोटा स्क्रीन आहे. हुकाला जे लटकलंय त्याचं वजन त्यावर दिसतं — टनात, पॉइंटनंतर दोन आकडे. म्हणजे दहा किलोचा फरकसुद्धा कळतो. आम्ही त्याला मीटर म्हणतो.

आता सोनबाजींबद्दल सांगतो, कारण हा सगळा किस्सा त्यांचाच आहे.

सोनबाजी लंजे आमचे खलाशी. खलाशी म्हणजे समुद्रावरचा नव्हे — हुकाला लोड बांधणारा आणि खाली उभं राहून हातानं इशारे करणारा माणूस. ऑपरेटरला वरून अर्धंच दिसतं, उरलेलं खलाशी दाखवतो. अर्जुनी मोरगावकडच्या एका खेड्यातले, कोहळी समाजाचे. त्यांचे आजे-पणजे तलाव बांधायचे. मी त्यांना काका म्हणायचो. ते मला कधी बापू म्हणायचे, कधी गधा म्हणायचे, मूडवर होतं.

क्रेन नव्या जागी लावली की काका आधी चप्पल काढायचे. क्रेनला चार बाजूंनी चार पाय असतात, आम्ही त्यांना जॅक म्हणतो, सगळा भार त्यांच्यावर. एक जॅक जमिनीत खचला की क्रेन कलंडते, मग ती कितीही टनांची असो. तर काका अनवाणी व्हायचे आणि जिथं जिथं जॅक टेकणार तिथं टाच रोवून उभे राहायचे. पूर्ण भार एका टाचेवर. डोळे बारीक. एखाद्या ठिकाणी मुंडी हलवायचे.

"इथं नको टेकवू, बापू. भुई पोकळ लागून राहिली."

"काका, वरून रोलर फिरवला आहे ना."

"रोलर वरून फिरते. मी खालचं सांगून राहिलो. आमचे बुढे तलावाची पाळ अशीच टाचेनं पाहत होते. तुले का समजते त्यातलं?"

मी क्रेन सरकवायचो. डिझेल जळायचं, सुपरवायझर बोंबलायचा. पण नऊ वर्षांत आमचा एक जॅक चार बोटंसुद्धा खचला नाही, हेही तितकंच खरं.

इतका शहाणा माणूस, आणि एक खोड अशी की मी कपाळावर हात मारायचो. ते लोडवर चढायचे. जुन्या खलाशांची सवय ती. लोखंडी कैची, म्हणजे छपराचा सांगाडा, जमिनीवरून उचलली की टुणकन उडी मारून तिच्यावर बसायचं. कारण काय, तर ती डोलते की नाही ते बुडाखाली समजतं म्हणे! हुकाला लटकलेल्या लोडवर माणूस ही आमच्या कामातली सगळ्यात वाईट गोष्ट. एक स्लिंग, म्हणजे लोड बांधायचा पट्टा, सुटली की संपला विषय. मी ओरडायचो, भांडायचो, एकदा तर दोन दिवस बोललो नाही. काका मान हलवायचे आणि माझी नजर चुकवून पुन्हा चढायचे.

पण मीटर चुगली करायचं.

मी नेहमी आधी फूटभर उचलून थांबतो. स्लिंग नीट बसली का, जॅक नीट आहेत का, वजन किती आलं, सगळं बघतो, मगच वर नेतो. तेव्हा मीटरवर पन्नास किलो जास्त दिसले की मला खाली बघायचीही गरज नसायची. एका राइस मिलच्या काट्यावर आम्ही काकांना गंमत म्हणून तोललं होतं, बावन्न किलो भरले होते. मी खिडकीतून डोकं काढायचो —

"काका, उतरा खाली."

"काऊन? मी कोठी आहो?"

"मीटरमधी आहात. उतरा."

मग ते कैचीच्या मागून उतरायचे आणि माझ्या मीटरला शिव्या द्यायचे. "हे मीटर तुह्या सासूनं पाठवलं का गा?" सगळी साइट हसायची. आठवड्यातून एकदा तरी हे व्हायचंच. मला तर नंतर नंतर वाटायचं की म्हातारा मुद्दाम चढतो, फक्त माझ्या तोंडून 'उतरा' ऐकायला.

मागच्या दिवाळीनंतर काका आजारी पडले. पोटाचं दुखणं होतं. आधी गोंदियाला दाखवलं, मग नागपूर, मग घरी आणलं. मी दोनदा भेटायला गेलो. दुसऱ्या खेपेला ते चादरीत असे हरवले होते की मला आधी खाटेवर कोणी आहे असंच वाटलं नाही. त्यांचा मुलगा गजू, पस्तिशीचा, तोही खलाशीच, दुसऱ्या एका क्रेनवर होता. काकांनी माझा हात धरला. हात गरम होता, पकड मात्र काहीच नव्हती.

"गजूले तुह्याजवळ घे, बापू. दुसऱ्याच्या हुकाखाली नको ठेवू त्याले. तू फूटभर उचलून थांबतेस. बाकीचे नाई थांबत."

काकी दाराशी उभ्या होत्या. त्यांना गजू या धंद्यात नकोच होता. त्या एवढंच म्हणाल्या, "आतं तुह्यावरच आहे, दिलीप." मी हो म्हणालो. त्यानंतर आठेक दिवसांत काका गेले.

गजू माझ्याकडे आला. चांगला पोरगा, कामाला चोख, बापासारखा बोलका नाही. लोडवर कधी चढायचा नाही, हे विशेष. पण टाचेनं जमीन बघणं काही त्याला यायचं नाही. काकांनी शिकवायचं म्हटलं की तो लाजायचा म्हणे, लोक हसतात म्हणून. आणि मीही ते मनावर घेतलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढं जे होता होता राहिलं त्यात चूक माझी होती.

मार्चमध्ये आम्ही अर्जुनी मोरगाव तालुक्यातच होतो. धान साठवायच्या एका मोठ्या गोदामाचं काम होतं. लोखंडी खांब उभे होते, त्यांच्यावर कैच्या चढवायच्या होत्या. आमच्या भागातल्या प्रतापगडचा डोंगर समोर दिसायचा, आजूबाजूला धान कापलेले मोकळे बांध. सगळ्या कैच्या एकाच मापाच्या, एकाच कारखान्यातून आलेल्या. आठ चढवून झाल्या होत्या आणि प्रत्येक वेळी मीटरवर स्लिंगसकट एकच आकडा — 1.80. मला पाठ झाला होता.

नवव्या कैचीसाठी क्रेन गोदामाच्या दुसऱ्या टोकाला लावावी लागली. साइट इंजिनियर म्हणाले, इथं मुरूम टाकून रोलर फिरवलाय, एकदम पक्कं आहे. मी खाली उतरून बघितलं. लाल, सपाट, कडक दिसत होतं. जॅकखाली लाकडी स्लीपर, म्हणजे जाड चौकोनी ओंडके, ठेवले, क्रेन सपाट आहे की नाही ते दाखवणारा केबिनमधला लेव्हलचा बुडबुडा मधोमध आणला. चप्पल काही काढली नाही.

गजूनं कैची बांधली, टोकाला दोरी लावली आणि ती धरून बाजूला उभा राहिला. वर खांबांवर दोन फिटर कमरेला पट्टे बांधून बसले होते, कैची आली की बोल्ट मारायला. गजूनं अंगठा वर केला. मी फूटभर उचललं आणि थांबलो.

1.85.

आणि मी, सवयीनं, काहीएक विचार न करता, खिडकीतून डोकं काढून ओरडलो, "काका, उतरा खाली."

गजूनं माझ्याकडे पाहिलं. वरच्या फिटरांनीही पाहिलं. एकाच्या हातातला पाना तसाच राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय बोललो ते. मी कैची परत खाली टेकवली.

गजू तिच्याभोवती फिरला. बोल्टची पिशवी वगैरे राहिली असेल, चिखल लागला असेल... काही नव्हतं. हात फिरवून बघितला. कोरडी, स्वच्छ. मी हूक मोकळा केला, मीटर शून्यावर आणलं आणि पुन्हा उचललं. 1.85. पुन्हा खाली, पुन्हा वर. 1.85. एक पॉइंट इकडे नाही की तिकडे नाही.

इंजिनियर साहेब आले. "क्या हुआ, पटले भाई? उठाओ ना."

"साहेब, वजन जास्त आ रहा है."

"कितना?"

"पचास किलो."

ते हसले. "पचास किलो में क्या होता है? मीटर में इतना फरक तो चलता ही है."

बरोबर होतं त्यांचं. मीटरमध्ये थोडंफार इकडेतिकडे होतंच, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत. दुसऱ्या कोणत्याही दिवशी मीच हे म्हणालो असतो. पण माझा हात लिव्हरवरून पुढं जाईना. बाहेरच्यांना मी सांगतो की वजनाचा हिशेब लागल्याशिवाय लोड वर न्यायचा नाही असा नियम आहे, म्हणून थांबलो. नियम आहेच. पण खरं कारण वेगळं होतं आणि इथं लिहायला मला आता लाज वाटत नाही. मला त्या घडीला अगदी आतून वाटलं की म्हातारा त्या कैचीवर पाय सोडून बसलाय. आणि काकांना घेऊन मी तीस फूट वर जाणार नव्हतो. जिवंतपणी नेलं नाही, आता कशाला नेऊ?

"पटले भाई, टाइम जा रहा है."

"माणूस दिसून राहिला, साहेब."

"कहाँ?"

"मीटरमधी."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ऊन लागलंय. मग चिडले, फोन काढला, कोणाला तरी लावू लागले. कैची फूटभर वर तशीच लटकलेली. मी आकड्याकडे बघत होतो. कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालो, "काका, कायले त्रास देता? उतरा ना." आकडा तसाच. चार-पाच मिनिटं गेली असतील. एवढा वेळ मी कधीच लोड धरून ठेवत नाही. नेहमी जास्तीत जास्त मिनिटभर.

मग कुरकुर आवाज आला. लाकूड दबल्यासारखा. मी बुडबुड्याकडे पाहिलं, तो मधे नव्हता. आणि पुढच्या क्षणी केबिन उजवीकडे झुकली.

उजव्या बाजूचा मागचा जॅक, जिकडं बूम होता तिकडचा, स्लीपरसकट खाली जात होता. मुरूम फाटला आणि आतून काळा, ओला गाळ वर आला. मी ओरडलो, "गजू, पळ!" गजू दोरी सोडून पळाला. कैची फूटभरच वर होती, ती जमिनीला टेकली, हुकावरचा भार उतरला आणि क्रेन तिरकी होऊन तिथंच थांबली. जॅक हातभर खाली गेला होता. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

मी केबिनमध्ये बसूनच राहिलो. शिडीवरून उतरायची हिंमत होईना. डोक्यात एकच चित्र. रोजच्यासारखा मिनिटभर थांबून मी कैची वर नेली असती, तर त्या चार-पाच मिनिटांत ती त्या दोन फिटरांच्या डोक्यावर असती आणि गजू दोरी धरून खाली. बूम सगळ्यांवर आला असता. काकींना मी काय तोंड दाखवलं असतं?

इंजिनियर साहेब फोन कानाला लावूनच उभे होते, पलीकडून कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं. नंतर त्यांनी स्वतः मला हात धरून खाली उतरवलं आणि पाणी दिलं. चांगला माणूस आहे, उगाच वाईट कशाला बोलू.

आवाज ऐकून बाजूच्या बांधावरून बकऱ्या चारणारी एक म्हातारी आली. गाळाकडे बघून म्हणाली, "इथं तं बोडी होती, बाप्पा." बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. "आमी लहानपनी इथूनच शिंगाडे काढत होतो. मंग बुजवली."

"आजी, मग सांगितलं काऊन नाही कोणी?"

"कोनी पुसलंच नाई."

या भागात गावागावात बोड्या आहेत. मी इथलाच, गजू इथलाच, काका तर तलाव बांधणाऱ्यांच्या घरातले. आणि आम्ही बांधावरच्या एका म्हातारीला विचारलं नाही. वरून मुरूम दिसला आणि झालं समाधान!

तीन दिवसांनी क्रेन दुसऱ्या जागी, खोदून बघितलेल्या जमिनीवर, जाड लोखंडी प्लेटा टाकून लावली. तीच कैची, त्याच स्लिंगा, गजूच बांधणारा. फूटभर उचललं आणि थांबलो.

1.80.

तुम्हाला वाटेल मला हायसं वाटलं असेल. नाही वाटलं. मी त्या आकड्याकडे बघत राहिलो. गजू खालून अंगठा दाखवून दाखवून थकला.

मीटर तपासायला मालकानं माणूस बोलावला होता. त्यानं सगळं उघडून बघितलं, म्हणाला काहीच बिघाड नाही. एका जाणत्या ऑपरेटरचं म्हणणं असं की जॅक आधीपासूनच बारीक बारीक खचत असणार, त्यानं बूम बाहेर झुकला आणि मीटरला वजन जास्त वाटलं. पटण्यासारखं आहे. मीही चार लोकांत हेच सांगतो. पण मग आकडा वाढत जायला हवा होता ना? तो तर तिन्ही वेळा तोच होता, आणि बुडबुडा तोवर मधोमध होता, मी स्वतः बघितला होता. मी याच्यावर खूप डोकं घातलंय. नाही लागत. तुमच्यात कोणी जाणकार असेल तर सांगा, मी वाद घालणार नाही.

त्या रविवारी मी काकींकडे गेलो. गजूनं घरी काही सांगितलं नव्हतं, पण मला लपवून चैन पडत नव्हतं. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, काकी त्यातला काडीकचरा निवडत बसल्या होत्या. मी समोर जमिनीवरच बसलो आणि सगळं सांगून टाकलं. जमीन मी नीट पाहिली नाही, गजू त्या दिवशी जाता जाता वाचला, चूक माझी. तुम्ही म्हणाल तर त्याला उद्यापासून दुसरं काम बघून देतो. मीटरचंही सांगितलं, मी काकांना उतरा म्हणालो तेही.

काकी काडीकचरा निवडत राहिल्या. हात फुलांवरून फिरत होते. मला वाटलं आता रडतील, नाहीतर मला हाकलून देतील, आणि दोन्हीला माझी तयारी होती.

"गजू तुह्याच हुकाखाली राहीन," त्या म्हणाल्या. "आतं तू जास्तच पाहशील. ते सोड. मीटरवर किती भरला म्हनतेस तो?"

"पन्नास, काकी. पन्नासच्या थोडं वर असेल."

"पक्कं पाह्यलंस?"

"तीनदा पाहिलं."

त्यांनी हातातली फुलं खाली ठेवली. पदरानं डोळे पुसले, आणि मग मला त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं, काका गेल्यानंतर पहिल्यांदा.

"नागपूरच्या दवाखान्यात मीच धरून उभा केला होता बुढ्याले काट्यावर," काकी म्हणाल्या. "अडतीस भरला होता. बरा झाला म्हंजे."